अग्नी निघून गेल्यावर

तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दृष्टान्त वेदान्तग्रंथांत वारंवार येतो आणि त्याला तप्तायःपिंडाचा दृष्टान्त म्हणतात. भट्टीतून काढलेला लाल गोळा हाताला लागला की 'लोखंडाने भाजले' असे कोणीही म्हणतो. वस्तुतः भाजणे हा अग्नीचा धर्म आहे, गोलपणा आणि जडपणा हे लोखंडाचे धर्म आहेत, पण दोहोंचा संयोग इतका घट्ट असतो की एकाचे धर्म दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. एका वस्तूचे धर्म दुसरीवर असे लादले जाणे म्हणजे अध्यास. अंतःकरण जड असूनही चैतन्याच्या सान्निध्याने जाणते भासते आणि चैतन्य अकर्ते असूनही अंतःकरणाच्या सुखदुःखांनी लिप्त भासते, हे समजावण्यासाठी आचार्यांनी हा गोळा हाती घेतला, आणि तेवढ्या कामाला तो चोख पुरतो. मात्र दृष्टान्ताच्या पोटात एक गृहीत आहे: अग्नी निघून गेला की लोखंड पूर्वी होते तसेच उरते, तापणे ही त्याच्या आयुष्यातली येऊन गेलेली घटना ठरते. मऊ, जवळजवळ शुद्ध लोखंडापुरते हे बरेचसे खरे आहे. ज्या लोखंडात थोडा कार्बन मुरलेला असतो, म्हणजे ज्याला पोलाद म्हणतात, त्याच्या बाबतीत ते खरे नाही. पोलादातून अग्नी निघून गेला तरी तो कसा गेला याची नोंद पोलादाच्या अंगात राहते, आणि ही नोंद नेमकी कशात राहते हा प्रश्न धातुशास्त्राचा जितका आहे तितकाच धर्मचिंतनाचाही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे तालुके सोयीचे आहेत, कारण तिथल्या शेतीत आग आणि धार यांचा संबंध रोजचा आहे. माहुलीच्या डोंगरापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंतच्या या भातशेतीच्या मुलखात पावसाआधी रोपासाठीच्या जागेवर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून ते जाळतात. याला राब भाजणे म्हणतात, आणि राबासाठी फांद्या तोडण्याचे काम कोयत्याचे असते. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी आणि कुणबी या सर्वांच्या घरात कोयता असतोच. रानात जाणारा माणूस तो कमरेमागे आकडीत अडकवून चालतो. पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या यात्रेत गुरांच्या बाजाराबरोबर शेतीच्या अवजारांचीही विक्री होते, पण रोजच्या वापरातला कोयता, विळा, कुऱ्हाड किंवा पहार शेवटी लोहाराकडेच जाते. मुंबई-नाशिक महामार्ग शहापूर तालुक्यातून जात असल्याने ट्रकचा तुटका पाटा मिळवणे अवघड नाही, आणि चांगल्या कोयत्यासाठी लोहार असा पाटाच पसंत करतो. गाडीच्या वजनाखाली वाकून पुन्हा सरळ होणाऱ्या या पाट्यात साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असतो, शिवाय काही सिलिकॉन आणि मँगनीज. वैशेषिकांनी संस्कार या गुणाचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले. त्यांतला तिसरा, वाकवलेल्या वस्तूला पूर्वस्थितीकडे नेणारा, या पाट्यात मूर्तिमंत दिसतो.

लोहार पाट्याचा तुकडा लाल करून घणाखाली हवा तो आकार देतो, पण आकार आला म्हणजे कोयता झाला असे नाही. पाते पुन्हा तापवून त्याची धार पाण्यात बुडवावी लागते, त्याला पाणी देणे म्हणतात, आणि त्या क्षणी आत जे घडते ते डोळ्यांना दिसत नाही. थंड पोलादात लोखंडाचे अणू ज्या चौकटीत बसलेले असतात तिच्यात कार्बनला जवळजवळ जागा नसते, म्हणून तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाच्या कठीण द्रव्याच्या पातळ थरांच्या रूपात वेगळा राहतो. मऊ लोखंडाचे आणि या द्रव्याचे थर एकाआड एक रचलेले असतात. तापमान ७२७ अंश सेल्सियसच्या वर गेले की ही जुनी चौकट मोडू लागते आणि तिच्या जागी दुसरी उभी राहते, जिच्यात कार्बन विरघळून सामावतो. बाहेरून पाते तेवढेच लाल, तेवढेच लांब, त्याच आकाराचे असते. आता ते सावकाश थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि पूर्वीचे थर पुन्हा जमतात. झटकन थंड केले तर चौकट बदलते, पण कार्बन निसटू शकत नाही. तो आत अडकून नव्या चौकटीला ताणून धरतो, आणि या ताणलेल्या, सुयांसारख्या रचनेलाच मार्टेन्साइट म्हणतात. तिचा कठीणपणा सावकाश थंड केलेल्या त्याच पोलादाच्या तिप्पट-चौपट असतो, आणि ठिसूळपणाही तसाच. नुसते पाणी दिलेले पाते दगडावर आपटले तर काचेसारखे तडकते. म्हणून जाणता लोहार ते घासून उजळ करतो आणि पुन्हा हलके तापवतो. सुमारे २२० अंशांना त्यावर गवती पिवळा रंग चढतो, पुढे तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. हव्या त्या रंगाला तो थांबतो. या दुसऱ्या, मंद तापाने अडकलेला कार्बन थोडा सैलावतो, थोडा कठीणपणा जातो आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा येतो. मराठीतील शास्त्रीय लेखनात या क्रियेला पायन म्हणतात, आणि सावकाश थंड करून पोलाद मऊ करण्याच्या क्रियेला अनुशीतन.

अनुशीतनासाठी कारखानाच लागतो असे नाही. राब पेटवताना विसरलेला कोयता राखेत रात्रभर पडून राहिला तर त्याचे पाणी उतरते. आच फार नसेल तर पायन नको तितके पुढे जाते, आणि आच पुरेशी असेल तर राखेच्या पांघरुणाखाली हळूहळू थंड होताना त्याचे अनुशीतनच होते. भट्टीजवळच्या राखेत तापलेला तुकडा पुरून ठेवण्याची लोहाराची रीत याहून वेगळी नाही. सकाळी तो कोयता उचलला तर वजन, वाक, नाक, सारे जिथल्या तिथे असते. खंडेनवमीला पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहिले तर शेजारच्या अवजारांहून तो वेगळा ओळखू येणार नाही. पहिल्याच ऐनाच्या फांदीवर मात्र त्याची धार दुमडते.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला तीन दृष्टान्त देतो, मातीच्या गोळ्याचा, सोन्याच्या गोळ्याचा आणि नखे काढण्याच्या नराणीचा; एक नराणी जाणली की लोखंडाचे जे काही आहे ते सारे जाणले जाते, कारण विकार हा बोलण्यातला, नावापुरता असतो आणि लोखंड एवढेच सत्य असते, असा त्याचा आशय आहे. अद्वैती हे वचन विकाराच्या मिथ्यात्वाकडे वळवतात. रामानुजांच्या मते कार्य म्हणजे कारणद्रव्याचीच दुसरी अवस्था, आणि अवस्था खोटी नसते. राखेतल्या कोयत्याने या वादात साक्ष दिली तर ती कोणाच्या बाजूने जाईल? द्रव्य कोणते एवढाच प्रश्न असेल तर उद्दालकाचे म्हणणे अबाधित राहते, कारण काल धार असलेल्या आणि आज धार दुमडणाऱ्या कोयत्यात लोखंड तेच आणि कार्बनही जवळजवळ तेवढाच आहे. पण नराणी हा शब्द नखे काढू शकणाऱ्या वस्तूला लावला जातो, आणि ती क्षमता नुसत्या नावाने येत नाही. मऊ केलेल्या नराणीला नराणी म्हणत राहिले तरी ती नख काढणार नाही. तेव्हा नाव तेच, आकार तोच, द्रव्यही तेच असताना जे बदलले ते नाव आणि द्रव्य यांच्या मधले काहीतरी आहे, आणि त्याला सत्य म्हणायला नकार देणे कठीण आहे. अवस्थेला सत्य मानणारा रामानुजांचा पक्ष इथे लोहाराच्या अधिक जवळ आहे.

सांख्यांचे उत्तर आणखी वेगळे. कार्य कारणात आधीच अव्यक्त रूपाने असते, या मताला सत्कार्यवाद म्हणतात, आणि सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत ईश्वरकृष्णाने त्याची जी कारणे दिली आहेत त्यांपैकी दोन थेट लोहाराच्या दुकानातली वाटतात: कार्य हवे असणारा माणूस योग्य तेच उपादान शोधतो, आणि कशातूनही काहीही निर्माण होत नाही. पिंपाच्या पत्र्याला कितीही पाणी दिले तरी त्याला धार धरत नाही, कारण त्यात कार्बन फार थोडा असतो. म्हणून लोहार पाटाच मागतो. एवढ्यापुरते सांख्य बरोबर आहेत. अडचण अशी की त्याच पाट्यात मऊपणाही अव्यक्त आहे आणि कठीणपणाही, आणि यांपैकी त्याचा खरा स्वभाव कोणता हे सत्कार्यवाद सांगू शकत नाही. नागार्जुनाने स्वभाव कृत्रिम नसावा आणि दुसऱ्यावर अवलंबून नसावा अशी अट घातली होती. ती अट लावली तर पोलादाला या बाबतीत स्वभावच उरत नाही, कारण मऊपणाही थंड होण्याच्या संथपणावर तितकाच अवलंबून आहे जितका कठीणपणा पाण्याच्या घाईवर.

याहून नेमका वाद न्याय आणि वैशेषिक यांच्यात झाला, आणि भारतीय दर्शनांतल्या सर्वांत उपेक्षित पण सर्वांत रसाळ वादांत तो गणला पाहिजे. कच्चा घट आव्यात घातला की काळा होता तो लाल होतो; हा बदल अग्निसंयोगाने घडतो, त्याला पाक म्हणतात. वैशेषिकांचे म्हणणे असे की अग्नीच्या आघाताने घट परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचा जुना रंग जाऊन नवा येतो, आणि मग ते परमाणू पुन्हा जुळून त्यांचा नवा घट बनतो. परमाणूला पीलू म्हणतात, म्हणून हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हे मान्य नाही. आव्यात एकावर एक रचलेले घट कोसळत नाहीत, त्यांची संख्या आणि आकार बदलत नाहीत, आणि बाहेर काढल्यावर 'हा तोच घट' अशी ओळख पटते. म्हणून सच्छिद्र घटात अग्नी शिरतो आणि अख्ख्या घटाचाच पाक होतो असे ते म्हणतात. पिठर म्हणजे भांडे, म्हणून हा पिठरपाकवाद. धातूंना वैशेषिक तेजाच्या वर्गात घालत असल्याने पाकाचा विचार त्यांनी मातीच्या घटापुरता केला, तरीही लाल झालेल्या कोयत्याला हा वाद घटापेक्षा अधिक शोभतो. नैयायिकांची बाजू डोळ्यांना पटणारी आहे, कारण कोयता भट्टीत कोसळत नाही आणि सांडशीत धरलेला कोयता तोच असतो. तरी ७२७ अंशांच्या वर अणूंचे जुने संयोग खरोखरच मोडतात आणि नवे जुळतात, म्हणजे जी उलथापालथ वैशेषिकांनी नुसत्या तर्काने कल्पिली होती ती आकार जराही न ढळता घडू शकते. चूक दोघांची एकाच जागी आहे. गुण एक तर परमाणूत असावा नाही तर अवयवीत, म्हणजे भागांनी बनलेल्या अख्ख्या वस्तूत, असे दोघांनी धरले. लोखंडाचा अणू कोयत्यात जसा असतो तसाच राखेतून काढलेल्या कोयत्यात असतो, आणि कठीणपणा अणूंच्या परस्परांशी असलेल्या मांडणीत असतो. वैशेषिकांकडे संयोग नावाचा गुण होता, पण मांडणीचे काम त्याच्याकडून करून घेण्यापर्यंत ते गेले नाहीत.

प्रत्यक्ष धातू हाताळणाऱ्यांनी मात्र थंड करण्याच्या रीतीला दर्शनकारांहून अधिक मान दिला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्यकर्माच्या शस्त्रांना पाणी देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: बाण, शल्य आणि हाड छेदणाऱ्या शस्त्रांना क्षाराचे, मांस कापणाऱ्यांना पाण्याचे, आणि शिरा टोचणाऱ्या व स्नायू कापणाऱ्यांना तेलाचे. क्षारयुक्त पाणी तापलेल्या धातूभोवती बनणारे वाफेचे आवरण फोडते आणि साध्या पाण्यापेक्षा वेगाने उष्णता ओढते, तेल ती सावकाश ओढते. म्हणून सर्वांत कठीण धार हाडासाठी आणि न तडकणारे बारीक टोक शिरेसाठी, ही सुश्रुताची योजना अनुभवावर उभी असावी असे मानायला भरपूर जागा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही शस्त्रपानाचा विधी आहे, पण तिथे ऐश्वर्य हवे त्याने रक्ताचे पाणी द्यावे आणि गुणी पुत्र हवा त्याने तुपाचे, असा फलांचा हिशेब सुरू होतो, आणि वैद्याच्या ग्रंथातली शिस्त ज्योतिषाच्या ग्रंथात कशी विरघळते हे पाहायला तो उतारा उपयोगी पडतो. मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून चढणाऱ्या नाणेघाटात, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या लेखात, अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी कोरलेली आहे. काळ्या पाषाणावर टाकीची धार फार वेळ टिकत नाही. ती पुन्हापुन्हा भट्टीत घालून, ठोकून, पाणी देऊन आणावी लागते. यादीतले अग्नी मोजलेले आहेत, ती कोरणाऱ्या टाक्यांचे अग्नी कोणी मोजले नाहीत.

आजच्या शहापूर तालुक्यात अनुशीतन हे मोठ्या उद्योगाचेही काम आहे. वाशिंद येथे जेएसडब्ल्यू समूहाचा पोलादी पत्र्यांचा कारखाना आहे, जिथे पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढतो. असा पत्रा थंड अवस्थेतच रुळांखाली दाबून पातळ केलेला असतो. दाबाने त्याचे स्फटिक चेपले जाऊन लांबट होतात, आत ताण साचतो, आणि अग्नीशी संबंध न येताही पत्रा कडक, ठिसूळ होतो. मुलाम्याआधी तो हायड्रोजन आणि नायट्रोजन वायूंनी भरलेल्या भट्टीतून नेतात, जिथे चेपलेल्या स्फटिकांच्या जागी ताण नसलेले नवे स्फटिक उगवतात, आणि मग तो सुमारे ४५० ते ४६० अंशांच्या वितळलेल्या जस्तात उतरतो. म्हणजे अग्नीने कडकपणा येतो हा समज जसा अर्धा आहे तसा अग्नीशिवाय कडकपणा येत नाही हाही अर्धाच आहे. नुसत्या दडपणानेही पोलाद कडक होते, आणि तो कडकपणा उतरवायला अग्नी लागतो.

तपाविषयीची रूढ कल्पना इथे तपासून पाहण्याजोगी आहे. तापाने माणूस घडतो, पोळल्याशिवाय पक्व होत नाही, हे वचन कीर्तनांपासून शाळेच्या भाषणांपर्यंत सर्वत्र ऐकू येते, आणि लोखंडाचा दाखला त्याला हमखास जोडला जातो. दाखला नीट पाहिला तर तो वचनाच्या विरुद्ध जातो. एकाच भट्टीतून, एकाच लालीला काढलेले दोन तुकडे, एक पाण्यात आणि एक राखेत, परस्परविरुद्ध गुणांचे निघतात. तेव्हा गुण देणारा ताप नव्हे, तापानंतरचा काळ. शिवाय पाण्यातून निघालेला तुकडा दुसऱ्या, सौम्य तापाशिवाय कामाचा नसतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायाने तपाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आणि शरीराला पीडा देणाऱ्या मूढ तपाला तामस ठरवले, यात हीच सावधगिरी आहे. तैत्तिरीय उपनिषदातला भृगू तप करतो, काही जाणतो, आणि प्रत्येक वेळी बाप वरुणाकडे परत येऊन पुन्हा विचारतो. तप आणि परत येणे यांची ही आलटापालट त्या कथेचा गाभा आहे, आणि परत यायला वरुण नसता तर भृगू अन्नालाच ब्रह्म मानून थांबला असता. शहापूर-मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर उन्हाळाभर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना कष्टाने माणूस घडतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना ताप मिळतो. सावकाश निवण्याची जागा आणि दुसरा सौम्य ताप, म्हणजे विश्रांती, शाळा, औषध, हे त्यांच्या वाट्याला क्वचित येते. तापाची स्तुती करणाऱ्या धर्मोपदेशाने पाण्याचा आणि राखेचा हिशेब मागितला नाही, तर तो उपदेश अर्ध्या कामावर भट्टी सोडून गेलेल्या लोहारासारखा आहे.

तप्तायःपिंडाच्या दृष्टान्ताकडे परत आल्यास तो यामुळे खोटा ठरत नाही. त्याचा उरलेला अर्धा भाग उजेडात येतो. वेदान्ताच्या मांडणीत अग्नीच्या जागी चैतन्य आहे आणि लोखंडाच्या जागी अंतःकरण. अग्नीला लोखंडाचा काहीच लेप लागत नाही, तसा साक्षी चैतन्यालाही लागत नाही, हे दृष्टान्त आधीपासून सांगत आला आहे. लोखंडाला मात्र अग्नीचा ठसा उरतो, आणि अंतःकरणात अनुभवांच्या वासना उरतात हे वेदान्तालाही मान्यच आहे. साधा गोळा घेतला तर हा दुसरा भाग दिसत नाही. पोलादाचा गोळा घेतला तर दोन्ही दिसतात. संतवाङ्मयाला प्रिय असलेल्या परिसाच्या दृष्टान्तात लोखंड लोखंड उरतच नाही, ते सोने होते, आणि म्हणून तिथे साधनेचा प्रश्न एका स्पर्शात मिटतो. पोलादाच्या दृष्टान्तात लोखंड शेवटपर्यंत लोखंडच राहते आणि तरीही त्याचे बरेवाईट होऊ शकते, त्यामुळे धर्मविचाराला तो अधिक कठीण आणि अधिक कामाचा आहे.

उतरलेले पाणी पुन्हा देता येते, आणि या कारणाने पोलादाची सर्व स्थित्यंतरे फिरवता येण्याजोगी आहेत, कर्माचा लेप धुऊन पाटी कोरी करता येते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पुरता टिकत नाही. प्रत्येक वेळी लाल होताना पात्याच्या पृष्ठभागावरचा कार्बन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून उडून जातो आणि लोखंडाचे काळे पापुद्रे घणाखाली झडतात. पाते दर खेपेला किंचित पातळ होते आणि त्याची वरची त्वचा पाणी धरेनाशी होते. अग्नीने पोलादात स्वतःचे काही ठेवले नसले तरी दरवेळी थोडे काढून नेले असते. म्हणून अनुभवी लोहार भट्टीत गरजेपेक्षा जास्त वेळ पाते ठेवत नाही, कोळसा दाट ठेवून भात्याचा वारा बेताने सोडतो, आणि पाणी दिल्यावर धार कानशीने किंवा दगडावर घासून ती कार्बन गमावलेली त्वचा काढून टाकतो, म्हणजे खालचे अजून पाणी धरणारे पोलाद वर येते. असे किती वेळा करता येईल हे पात्याच्या जाडीवर ठरते.